पट्टीसह सव्वीस फोटो

कार्यालयाच्या जिन्यात एकतीस फोटो टांगलेले होते, सगळे ग्रुप फोटो. त्यांपैकी एकोणिसांत आई होती. पूर्ण चेहरा दोन फोटोंत, अर्धा चेहरा सहा, नुसतं कपाळ चार, कुणाच्या तरी खांद्यामागून वर आलेले केस तीन, पुष्पगुच्छाच्या आड तीन, आणि एका फोटोत फक्त कोपर. बेरीज बरोबर येत होती. घरातल्या धाकटीने ती दोनदा केली होती, कारण पहिल्या खेपेला तिने भलत्याच बाईचं कोपर आईचं म्हणून धरलं होतं.

ही मोजणी करायचं कारण असं, की आई महिनाअखेरीस निवृत्त होणार होती. पाणीपुरवठा कार्यालयाच्या नकाशा विभागात तिला चौतीस वर्षं झाली होती. जमिनीखालून कुठली पाइपलाइन कशी जाते, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीत दडून बसलाय, हे ज्याला हवं असेल त्याने तिच्या काउंटरवर यायचं, असा शिरस्ता. निरोप समारंभ समितीने (समितीत माणसं दोन, त्यांतला एक रजेवर) घरी कळवलं होतं, "बाईंचे ऑफिसातले चार चांगले फोटो द्या." म्हणून धाकटी जिन्यात गेली आणि वरची आकडेवारी घेऊन आली.

जेवताना तिने ती वाचून दाखवली. आई हसली.

"फोटोच्या वेळी कुणीतरी खुर्च्या मोजायला लागतं गं. मी मोजून येईपर्यंत पुढची रांग भरलेली."

मग ताटं उचलता उचलता, मीठ जरा कमी झालंय म्हणावं अशा सुरात ती म्हणाली, "चौतीस वर्षं रोज गेले. पण तिथे माझं असं काही दिसत नाही, नाही का?"

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी नेहमीसारखी वाजली. पण ते वाक्य धाकटीच्या मनात पायात काटा राहावा तसं राहिलं.

धाकटीने भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि सध्या ती माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत बरण्यांना लेबलं लावत असे. शिक्षण आणि लेबलं यांचा संबंध काय, हे बाबा दर महिन्याला एकदा विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पेपर उलटत. असो. तर तिच्या शास्त्रात एक साधी गोष्ट शिकवतात : प्राणी गेला, हाड मिळालं नाही, तरी निराश व्हायचं नाही. चिखलात त्याचं पाऊल उमटलेलं असतं, ते शोधायचं. आई फोटोत नसेल, पण त्या खोलीत तिचे ठसे असणारच. कुणाच्या डोळ्यांत न भरलेले, बारीकसारीक. त्यांचे फोटो काढायचे, एक चिकटवही करायची, पानाला एक ठसा. निरोपाच्या दिवशी द्यायची.

तिने हे बाबांना सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "फक्त तू आईला जीवाश्म म्हणालीस, हे तिला सांगू नकोस."

योगायोगाने आई दुसऱ्याच दिवशी नऊ दिवसांसाठी मावशीकडे गेली. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. म्हणजे खोली मोकळी, आणि हातात सुट्ट्या धरून नऊ दिवस. इतकं सगळं सोयीचं जुळून आलं तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

शेजारच्या काकूंना ही गोष्ट सव्वा तासात कळली. कशी, ते विचारू नये. त्या वाटी परत करायला आल्या आणि बसल्या.

"आईचा अल्बम आणि त्यात आई नाही? मग काय लावणार त्यात, पंखा?"

"असेल तर पंखासुद्धा."

"अगं, माणूस निवृत्त झालं की त्याला घड्याळ देतात. तू काय तिला तिच्याच टेबलाचा पाय देणार?"

टेबलाचा पाय यादीत होताच, त्यामुळे धाकटी वाटी ठेवायला आत गेली.

वरच्या मजल्यावरचे फोटोकाका मात्र खूश झाले. त्यांनी चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले होते. आता हात शिवशिवत, पण पासपोर्ट काढणारं कुणी घरी येत नसे. "वस्तू असली म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "आधी तिची हनुवटी शोधायची. प्रत्येक वस्तूला हनुवटी असते. ती सापडली की किंचित खाली." एवढं ज्ञान देऊन त्यांनी आपली कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी उसनी दिली. तिचे दोन पाय उत्तम होते. तिसरा पाय, बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी, दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसासारखा हळूच खाली बसे. हे काकांनी सांगितलं नाही. चाळीस वर्षांत त्यांना ते जाणवलं नसावं. तशी त्या काळातल्या लोकांच्या ओळखपत्रांवरची मुंडकी थोडी कलतीच आहेत.

सरकारी कार्यालयात फोटो काढायचे म्हणजे परवानगी हवी. धाकटीने अर्ज लिहिला. शास्त्राचा माणूस जे आहे तेच लिहितो. तिने विषयाच्या ओळीत लिहिलं, "कार्यालयातील दुर्लक्षित बाबींची छायाचित्रे घेण्याबाबत."

आवक टेबलावरच्या कारकुनाने ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"दुर्लक्ष कुणी केलं?"

"कुणीच नाही. म्हणजे तसं सगळ्यांनीच."

"माझ्याही टेबलाचा फोटो घेणार का?"

"नाही, तुमच्यात विशेष काही नाही."

ही माहिती तिने चांगल्या हेतूने दिली होती. कारकुनाने शिक्का जरा जास्तच जोरात मारला. अर्ज साहेबांकडे गेला आणि तीन तासांनी शेरा घेऊन परत आला : "हरकत नाही. वस्तूंची यादी तीन प्रतींत द्यावी. प्रत्येक वस्तूस क्रमांक द्यावा व तो वस्तूवर दिसेल असा लावावा."

आता क्रमांकाचं धाकटीला काय वावडं? तिच्या पिशवीत पिवळी गोल लेबलं कायमच असत. त्यात तिने आपल्या पदरची भर घातली ती पट्टीची. भूगर्भशास्त्रात फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवतात, म्हणजे खडक केवढा ते कळतं. पट्टी नसलेला फोटो तिच्या सरांच्या मते फोटोच नव्हे, नुसतं चित्र. त्यामुळे तिने एकेक वस्तू निवडली, तिला पिवळा क्रमांक चिकटवला, शेजारी पंधरा सेंटिमीटरची पोलादी पट्टी ठेवली, आणि फोटो काढून वहीत मापं लिहिली. तोंडाने ती एक अक्षर बोलत नव्हती. कामात असताना तिच्या कपाळाला दोन आठ्या पडत. त्या एकाग्रतेच्या आहेत हे घरच्यांना ठाऊक होतं. कार्यालयाला नव्हतं.

एक नंबर : खिडकीची कडी. ती तुटल्यावर आईने तिथे सुतळी बांधली होती, वर दोन गाठी. दोन नंबर : टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी. तीन : आईच्या खुर्चीमागची भिंत, तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेले फोन नंबर. आणि चार नंबर, यादीतला धाकटीचा सगळ्यात लाडका, म्हणजे काउंटर. लाकडी काउंटरच्या कडेला एक उथळ, खोलगट जागा झाली होती. बाहेरून लोकांची कोपरं, आतून आईची. खोली तीन पूर्णांक पाच मिलिमीटर. लाकूड तिथे काळसर आणि इतकं गुळगुळीत, की हात आपसूक घसरून त्याच जागी येई. अशा सव्वीस वस्तू.

घोडी बसकण मारते हे अर्ध्या फोटोंनंतर लक्षात आल्यावर तिने घोडी बाजूला ठेवली आणि राहून गेलेल्या दोन नंबरसाठी सरळ टेबलाखाली आडवी झाली. तोंडात टॉर्च, हातात पट्टी. बाहेर फक्त पाय. एक बाई नकाशा मागायला आल्या, त्यांनी पायांकडे पाहिलं आणि आतल्या कुणाला तरी विचारलं, "ढेकणांचं औषध मारतायत का? मग मी उद्या येते."

एवढ्यात स्टोअरवाले आले. कार्यालयातली प्रत्येक खुर्ची, कडी आणि कुलूप त्यांच्या रजिस्टरात असायला हवं, अशी सरकारची समजूत होती. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं.

"काही सापडलं का, मॅडम?"

"नऊ पदर आहेत," धाकटी टॉर्च काढून म्हणाली. "खालच्या दोनांत ओल शिरलीय. जुनं प्रकरण दिसतंय."

ती पुठ्ठ्याबद्दल बोलत होती. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. स्टोअरवाल्यांना त्या दोन वाक्यांत काय काय ऐकू आलं कोण जाणे. ते उठले तेव्हा त्यांनी टेबलाचा आधार घेतला, आणि टेबल हललं, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

घरी येऊन धाकटीने फोटो मोठे करून पाहिले. अर्धे कललेले, काही अंधारे. दोन दिवसांनी पुन्हा जायचं ठरलं. "एकदा काढलेला फोटो म्हणजे पुरावा नव्हे, दोनदा काढावा," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "तुझ्या जन्माच्या वेळी मीही असंच म्हणालो होतो, आणखी एकदा बघू. आईने नाही म्हटलं."

दोन दिवसांनी ती खोलीत शिरली तर खिडकीवर पितळेची नवी कोरी कडी चमकत होती. सुतळी नव्हती. टेबलाच्या पायाला लाकडी तुकडा ठोकून पाय सरळ केला होता, पुठ्ठा गायब. आईच्या खुर्चीमागची भिंत दुधासारखी पांढरी. हाताला ओला चुना लागला.

"हे कुणी केलं?"

"झालंच सगळं!" स्टोअरवाले हात चोळत म्हणाले. "सात नंबरचा खण पण नवा बसवला. आता लाथ मारायची गरज नाही, बोटाने उघडतो. बघा बघा."

"अहो, पण मला लाथ मारायचाच खण हवा होता! आईच्या लाथांनी रंगाचा पोपडा उडालाय ती जागा कुठेय?"

"रंग दिला."

"कशाला?"

"मॅडम," ते आवाज खाली आणून म्हणाले, "बाकीचेही होतील. पण तुमचा रिपोर्ट जरा सौम्य लिहा."

धाकटीने त्यांना समजावलं. रिपोर्ट नाही, तपासणी नाही, ही माझ्या आईसाठी चिकटवही आहे. स्टोअरवाल्यांनी सगळं ऐकलं आणि समजूतदारपणे डोळा मिचकावला. नोकरीत एवढी वर्षं काढलेला माणूस, पट्टी घेऊन टेबलाखाली झोपणारी बाई चिकटवही करतेय यावर विश्वास ठेवेल होय? पूर्वी एकदा पाल पकडायला आलेला माणूस प्रत्यक्षात ऑडिटचा निघाला होता, असं त्यांचं म्हणणं.

आता शास्त्राच्या माणसाने चार उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये. कदाचित दुरुस्त्या आधीच ठरल्या असतील. म्हणून धाकटीने एक प्रयोग केला. बाहेर लोकांच्या बाकाच्या वर छताला एक पंखा होता. तो आठ वर्षं बंद होता. आईने त्याबद्दल चौदा स्मरणपत्रं लिहिली होती आणि चौदांच्या प्रती फाइलीत होत्या. धाकटीने स्टुलावर चढून पंख्याच्या दांड्याला सत्तावीस नंबरचं पिवळं लेबल लावलं. फोटोसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पंखा गरगर फिरत होता आणि त्याच्याखाली एक आजोबा टोपी धरून बसले होते.

वहीत तिने लिहिलं, "क्रमांक लावल्यापासून दुरुस्तीपर्यंत कालावधी : अंदाजे वीस तास." मग तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आई आठ वर्षांत जे करू शकली नाही ते आपण एका लेबलात केलं! रस्त्याने चालताना ती मनातल्या मनात आणखी कशाकशाला लेबल लावता येईल याची यादी करू लागली. कोपऱ्यावरचा खड्डा. काकूंची बेल. प्रयोगशाळेतले साहेब. यादी नवव्या वस्तूपर्यंत आली तेव्हा तिला एकदम आठवलं. चार नंबर!

ती उलट्या पावली धावत गेली. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात ते तिला त्या जिन्यात चढताना नीट समजलं.

काउंटरपाशी सुतार उभा होता. हातात रंधा. बाहेरची अर्धी कड त्याने तासून सपाट केली होती आणि लाकूड तिथे नुकत्याच सोललेल्या बटाट्यासारखं पांढरं दिसत होतं. आतली अर्धी, आईच्या बाजूची, अजून शिल्लक होती.

"थांबा!" धाकटी धापा टाकत म्हणाली. "थांबा हो. ते खराब नाहीये."

"मी तेच म्हणत होतो," सुतार म्हणाला. त्याने आतल्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला. "हे घासून झालेलं नाही, टेकून झालंय. असं लाकूड करून मिळत नाही. पण ऑर्डर लेखी आहे, ताई."

स्टोअरवाले पुढे झाले. "अहो, नंबर तुम्हीच तर लावलात!"

"चांगलं आहे म्हणून लावला!"

"चांगल्याला नंबर कोण लावतं?"

धाकटीच्या लक्षात आलं, की खरंच, कुणीच लावत नाही. सगळा घोटाळा तिथेच होता.

"मग मी नंबर काढते," ती म्हणाली.

"काढता कसा येईल? यादी तीन प्रतींत गेलीय. चार नंबर रिकामा ठेवला तर मी काय उत्तर देऊ?"

"चार नंबरची दुरुस्ती झाली पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच."

धाकटीने काउंटरवरचं पिवळं लेबल नखाने हळूच सोडवलं, स्टोअरच्या खोलीत गेली, आणि ते स्टोअरवाल्यांच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवलं. खुर्ची एका बाजूला झुकलेली होती आणि तिच्यात बसणारा खिशात जड काहीतरी असल्यासारखा दिसे. स्टोअरवाल्यांनी लेबलावरून बोट फिरवलं. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"सहा वर्षं अशी आहे, मॅडम. मागणी मीच करायची, मंजुरी मीच द्यायची. लोक काय म्हणतील?"

सुताराने रंधा उचलला आणि तो खुर्चीकडे वळला. जाताना त्याने जमिनीवरून एक ढलपी उचलून धाकटीच्या हातात दिली. बाहेरच्या कडेची, कुरळी, एका बाजूने पांढरी आणि दुसऱ्या बाजूने काळसर गुळगुळीत. "ठेवा. चिकटवही करताय म्हणे?"

त्या कार्यालयात तिच्यावर विश्वास ठेवलेला तो पहिला माणूस.

हिशोब असा झाला, की सव्वीसपैकी साडेबावीस वस्तू दुरुस्त झाल्या होत्या. अडीच वाचल्या होत्या, अर्धा काउंटर धरून. एक टाचणीची गादी होती, ती कुणीतरी घरी नेली असावी. धाकटीने घरी बसून पहिल्याच दिवशीचे, कललेले, अंधारे फोटो छापून चिकटवले. दुसरे आता मिळणारच नव्हते. चिकटवता चिकटवता तिच्या ध्यानात आलं. आईचं तिथे काही दिसत नाही म्हणून आपण गेलो, आणि जे होतं नव्हतं तेही पुसून आलो. तेही निवृत्तीला अकरा दिवस असताना.

"सांगू का तिला?" तिने बाबांना विचारलं.

"ती सोमवारी जाईलच," बाबा म्हणाले. "खोली सांगेल."

सोमवारी सकाळी अकरा वाजता घरचा फोन वाजला.

"अगं, माझ्या खोलीत कुणी राहायला आलंय का?" आईचा आवाज. "खिडकी उघडते काय, खण उघडतो काय! सवयीने लाथ मारली तर अंगठा सुजला. आणि पेन्सिल ठेवली की ठेवली तिथेच पडून राहते. पूर्वी घरंगळत हाताशी यायची. म्हणून तर नऊ पदर घातले होते मी पुठ्ठ्याला."

धाकटीने तोंड उघडलं. पण आईचा सूर बदलला होता.

"ते राहू दे. जुन्या टाकीमागे पाइप फुटलाय, दोन दुकानांत पाणी शिरतंय. तिथला व्हॉल्व्ह नकाशावर नाही, तो फक्त आमच्या जुन्या चावीवाल्याला माहीत. निवृत्त झालाय तो. त्याचा नंबर भिंतीवर होता आणि भिंत रंगवून टाकलीय मेल्यांनी! बाबांच्या डायरीत बघ बरं, कधी लिहिला होता का?"

डायरीत नव्हता. धाकटीने चिकटवही उघडली. पान तीन.

"आई, लिहून घे," ती म्हणाली, आणि आकडे वाचू लागली. नऊ आकडे खणखणीत दिसत होते. दहाव्या आकड्यावर पट्टी होती. पोलादी, पंधरा सेंटिमीटरची, सरांच्या शिकवणुकीप्रमाणे काटेकोर ठेवलेली. "शेवटचा आकडा... शेवटचा पट्टीखाली गेलाय."

आई म्हणाली, "कुठल्या पट्टीखाली? तुझ्याकडे माझ्या भिंतीचा फोटो कसा?"

बाबा पेपरातून म्हणाले, "शक्यता दहाच आहेत. शून्यापासून पाच तिला दे, उरलेले आपण लावू. चौकशी संध्याकाळी."

मग दोन ठिकाणी दोन फोन सुरू झाले. सहा आकड्यावर एक केशकर्तनालय होतं. त्यांनी चारची वेळ दिली. सातवर एका बाईंनी "आठवण झाली का एकदाची?" म्हणून जे सुरू केलं, ते धाकटीला दोन मिनिटं मुकाट ऐकावं लागलं. शेवटी, "अहो, मी ती नाही," म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "सगळ्या असंच म्हणतात," आणि फोन आपटला. आठ बंद होता. नऊ आकड्यावर एका खर्जातल्या आवाजाने विचारलं, "कोण?"

"पाणीपुरवठ्यातले चावीवाले का तुम्ही? मी नकाशा विभागातल्या बाईंची मुलगी."

"बाईंची?" आवाज एकदम उभा राहिल्यासारखा झाला. "काय फुटलंय?"

पंचवीस मिनिटांनी पाणी बंद झालं.

आई सहाला घरी आली. अंगठा खरंच सुजला होता. तिने चप्पल काढली, पाय पाटावर ठेवला आणि हात पुढे केला.

"दाखव."

"आई, ते सगळं माझ्यामुळे..."

"कळलंय मला. स्टोअरवाला सरळ झालेल्या खुर्चीत बसून अर्धा तास तुझे गुण गात होता. फार कडक बाई म्हणे. दाखव."

धाकटीने चिकटवही तिच्या मांडीवर ठेवली आणि चहा टाकायला गेली. आईला चहा उकळता लागतो. भांड्यातून कपात आणि कपातून थेट ओठाला, तो तिने गार होऊ दिल्याचं घरात कुणी पाहिलेलं नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी कप तिच्या उजव्या हाताशी ठेवला.

आई पहिल्याच पानावर थांबली होती. तिने कानामागची पेन्सिल काढली.

"ही खालची गाठ माझी. वरची चावीवाल्याची. वादळात खिडकी धडाधड आपटत होती, तेव्हा तो ओल्या अंगाने वर आला आणि बांधून गेला. लिहायला हवं ना हे?" तिने फोटोखाली लिहिलं. पान उलटलं. "आणि हा पुठ्ठा कशाचा आहे सांग? मला बढती मिळाली ना, त्या पत्राच्या पाकिटाचा."

"मला वाटलं, खोक्याचा."

"वाटणारच. फोटोत कळतंय थोडंच!" तिसऱ्या पानावर ती पट्टीकडे बघून खुदकन हसली, आणि दहावा आकडा पट्टीवरच लिहून टाकला.

चौथ्या पानावर काउंटरचा फोटो होता, थोडा कललेला, आणि शेजारी ती ढलपी. आईने ढलपीच्या काळसर बाजूवर अंगठा टेकवला. मग बाह्या जरा वर केल्या आणि बारीक अक्षरात लिहू लागली. पान भरलं, तसं ते आडवं करून तिने समासात लिहायला घेतलं. बाबांनी पेपर घडी केला, दिवा लावला आणि आवाज न करता गॅलरीत जाऊन बसले. दारावर काकू आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं, वाटी स्टुलावर ठेवली आणि, हे आजवर कधी झालं नव्हतं, न बसता गेल्या.

धाकटीने पिशवीतून प्रयोगशाळेचा तापमापक काढला, कपात धरला, आणि वहीत नोंद केली.

वेळ आठ वाजून पस्तीस मिनिटं. चहा साडेसत्तावीस अंश. खोली सत्तावीस. आई पान अकरावर.